वॉशरखालचं स्टील

कोलकात्याला बदली होऊन आल्यापासून मी स्टेनलेस स्टील गंजताना पाहतो आहे. न गंजणारी म्हणून आणलेली वस्तू गंजली की आधी माणूस शोधतात, कारण नंतर. खिदिरपूरच्या आमच्या कारखान्यात नदीच्या पाण्याचे पाइप सांध्यांपाशी गळू लागले आणि माणूस लगेच सापडला. सांधे नीट आवळले नाहीत म्हणून म्हाताऱ्या फिटरला नोटीस मिळाली. निवृत्तीला त्याचे सहा महिने उरले होते.

माझा संशय कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या औषधावर होता. गंज रोखायला त्यांनी पाण्यात नायट्रेट मिसळायला लावलं होतं आणि त्यावर हॉटेलात पुष्पगुच्छ घेऊन भाषणही केलं होतं. उघड्या स्टीलला ते राखतं. पण सांध्यातल्या रबरी गॅस्केटखालच्या फटीत पाणी कोंडतं, प्राणवायू संपतो, मीठ साचतं. मात्रा कमी असेल तर औषध तिथे पुरं पडत नाही. वैशाखात मी स्टीलच्या सहा पट्ट्यांवर तशीच फट करायला रबरी वॉशर आवळून त्या औषधाच्या पाण्याच्या टाकीत सोडल्या. चौकशीत दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं.

विश्वकर्मा पूजेच्या सकाळी टाकी रिकामी दिसली. त्या दिवशी इथे प्रत्येक अवजार घासून देवापुढे मांडतात. फिटरनेच वॉशर काढून माझ्या पट्ट्या चिंचेने लख्ख केल्या होत्या, वर शेंदूर फासला होता.

“सर, फार मळल्या होत्या हो,” तो म्हणाला.

“दादा, त्यात तुमची नोकरी होती.”

“मग देवापुढेच बरी आहे.”

मी रागावलो नाही. रागालाही उत्साह लागतो. एक पट्टी उचलून पुसली. शेंदूर निघाला, पण वॉशरच्या जागी लाल ठिपक्यांचं वर्तुळ राहिलं. चिंचेने गंज गेला होता, खड्डे कुठे जाणार? त्यांत शेंदूर भरला होता.

साहेब मराठीच, बालीगंजला माझे शेजारी. पट्टी पाहून म्हणाले, “अहो, हा रंग आधी पुसा बघू.”

“पुसूनच आणलीय, साहेब.”

त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. बराच वेळ.

“औषध वाईट असं लिहू नका.”

“मात्रा कमी असं लिहितो. आणि आवळण्यात दोष नाही, असंही.”

नोटीस मागे घेतली गेली. फिटरच्या निरोप समारंभात साहेब वाढीव मात्रेवर पाऊण तास बोलले. गळ्यात हार घालून फिटर पहिल्या रांगेत गाढ झोपला होता. मला त्याचा हेवा वाटला.