हुंकार देणारी घागर

जुन्या मॅट्रिकच्या पोरांना मी वीस वर्षं ध्वनी शिकवला. नादकाटा रबराच्या ठोकळ्यावर आपटायचा, भांड्यातल्या पाण्याला टेकवायचा, पुढच्या बाकावर शिंतोडे उडवायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, "कंपनाशिवाय आवाज नाही." हाच धडा माझ्या घरात रोज सकाळी चालायचा, पण ते मला बायको गेल्यावर कळलं.

राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत चुलीशेजारी तांब्याची घागर असायची. चहाचं पाणी काढून झालं की बायको घागरीवर वाकलेली असतानाच हाक मारायची, "अवो, उठताय न्हवं?" शेवट ती जरा ताणायची, आणि त्या ताणाला घागर आतून हुंकार द्यायची. मी पांघरुणातून म्हणायचो, "ती व्हय म्हणाली की! आता मला झोपू दे." हा विनोद मी बारा वर्षं केला. ती बारा वर्षं हसली, यावरून तिच्या सोशिकपणाचा अंदाज यावा.

ती गेली आणि घागर मुकी झाली. मी नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायला लागलो. घर इतकं गप्प, की माझाच घोट मला ऐकू यायचा. एकदा घागरीवर वाकून, बारीक आवाज काढून, तिच्या चालीत हाक मारून बघितली. काही नाही. शास्त्राच्या मास्तरानं लगेच निदान केलं: घागरीला पोचा आहे, कंपनं तिथं अडतात. पोचा ती असतानाही होता, हे काही डोक्यात आलं नाही.

तांबटाकडे गेलो. "पोचा काढा, आणि आतनं-बाहेरनं लख्ख करा." चार दिवसांनी घागर आरशासारखी. तिथंच हाक मारून बघितली, तरी मुकीच. मग म्हाताऱ्या तांबटाला मी अनुनादावर छोटं व्याख्यानच दिलं. पोकळीतली हवा आपल्या ठरावीक स्वरालाच कशी थरथरते, वगैरे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "ते असंल मास्तर. पण वैनी पाणी कुठवर ठेवायच्या?"

मी घागरीत वाकून बघितलं. पाणी वाढलं की आतली हवा कमी, आणि हवा बदलली की स्वर बदलला. ही आकृती मी फळ्यावर शंभरदा काढली होती, आणि घरी रिकाम्या घागरीला हाका मारत होतो.

"आत पाण्याचा पांढरा पट्टा हुता की," तांबट म्हणाला. "तुमीच लख्ख करा म्हणालासा."

बारा वर्षं एकाच उंचीवर पाणी ठेवून तिनं ओढलेली ती रेघ. मी हौसेनं घासून घेतली होती.

रविवारी नळाला पाणी आल्यावर बसलो. एक तांब्या ओतायचा, वाकायचं, बारीक आवाजात हाक मारायची. "अवो, उठताय न्हवं?" पुन्हा तांब्या, पुन्हा हाक. सातव्या तांब्याला घागर हुंकारली. काठावर ठेवलेल्या बोटांना मुंग्या आल्या. मी थांबलो, तशी तीही थांबली. तिला बोलतं ठेवायचं तर हाक मारत राहणं भाग होतं.

खिडकीतून शेजारच्या मावशी ओरडल्या, "मास्तर, बाईमाणसाचा आवाज येतोय. पावणं आल्यात व्हय?"

"न्हाई मावशी, घरचंच हाय," म्हणालो, आणि पुढच्या हाकेसाठी घसा खाकरून घेतला.