लोकरीला विटाळ लागत नाही, म्हणे!

“छातीत कुरकुर आहे. क्षय. नापास,” असं म्हणून डॉक्टर पुढच्या माणसाकडे वळले.

गोमा दवाखान्याच्या ओट्यावर तसाच उभा राहिला. अंगाभोवती दवाखान्याचीच जुनी लोकरीची धाबळी. क्षय म्हणजे काय हे त्या काळात कुणाला समजावून सांगावं लागत नसे, कारण त्यावर औषधच नव्हतं. रांगेतला त्याच्या शेजारचा माणूस दोन पावलं मागे सरकला.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली, शहापूरची गोष्ट. कसाऱ्याच्या घाटात रुळांखाली खडी भरायला एका ठेकेदाराला माणसं हवी होती. त्यांची तपासणी आमच्या दवाखान्यात व्हायची. मी तिथे नुकताच कंपाउंडर म्हणून लागलो होतो. माणसाचं हृदय आणि फुप्फुसं दमदार आहेत की नाहीत, हे पाहायचं बरंचसं काम माझ्याकडे असे. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. आधी बसवून नाडी मोजायची. मग स्टुलावर चढ-उतार करायला लावून परत मोजायची. वाढलेली नाडी लवकर जागेवर आली तर हृदय चांगलं. फुप्फुसांसाठी छातीला टेप लावायची. श्वास सोडून एक माप, छाती भरून दुसरं. दोन्हींत चांगला फरक पडायला हवा. मग नाक धरून श्वास कोंडायचा. शेवटी डॉक्टर स्टेथॉस्कोप लावायचे आणि निकाल द्यायचे.

गोमा डोळखांबकडच्या एका खेड्यातला. डोंगर चढून-उतरून तयार झालेला गडी. त्याची नाडी बघता बघता जागेवर आली. श्वास कोंडून उभा राहिला तो सोडेचना, शेवटी मीच म्हणालो, “पुरे रे बाबा!”

मग छातीत कुरकुर आली कुठून? धाबळीतून.

गोमा गावकुसाबाहेरच्या वस्तीतला होता. अशा माणसाला आमचे डॉक्टर शिवत नसत. नाडी, टेप वगैरे शिवाशिवीचं काम माझ्या गळ्यात. पण छाती त्यांनाच ऐकावी लागे. त्यावर त्यांनी तोड काढली होती. लोकरीला विटाळ लागत नाही, अशी समजूत आहे. सोवळ्यात लोकरीची धाबळी नेसतात ती त्यामुळेच. तेव्हा दवाखान्यात खुंटीवर एक धाबळी कायमची टांगलेली असे. वस्तीतल्या माणसानं ती गुंडाळून घ्यायची आणि डॉक्टरांनी वरून नळी टेकवायची. श्वास घेतला की छाती हलते, लोकर घासते आणि कानात कुरकुर येते. आजारी फुप्फुसाचा आवाजही थेट तसाच असतो.

हे मला कुणी शिकवलं? याच डॉक्टरांनी! “गणपत, नेहमी उघड्या छातीवर ऐकायचं. छातीवर केस दाट असले तर तेसुद्धा ओले करून घ्यायचे, नाहीतर खोटी कुरकुर ऐकू येते,” असं ते म्हणाले होते. एका मोठ्या जमीनदाराच्या छातीला मी स्वतः पाणी लावलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अजाणता चूक झाली असती तर गोष्ट वेगळी. इथे सगळं जाणूनबुजून चाललं होतं.

“साहेब, याला उघड्या छातीवर ऐकायला हवं,” मी म्हणालो.

“मला शिकवतोस?”

“तुम्हीच शिकवलंत.”

“अरे, ठाऊक आहे मला. पण उद्या गावातली माणसं तीच नळी लावून घेतील का? दवाखान्याला टाळं लावू?”

“मग ऐकता आलं नाही म्हणा. क्षय कशाला म्हणता?”

डॉक्टर लालबुंद झाले. तेवढ्यात गोमाच बोलला. “डागतरसायेब, काम नका देऊ. पन त्या रोगाचं नाव नका लावू. वस्तीत कोन जवल येनार नाय.”

मी सरळ त्याच्या अंगावरची धाबळी ओढून काढली. “नळीचं टोक मी धरतो. तुम्ही फक्त ऐका. मागून पाहिजे तर उकळून ठेवतो.” सगळी रांग बघत होती. डॉक्टरांनी तोंड फिरवून नळ्या कानात घातल्या. मी टोक आधी छातीवर, मग पाठीवर ठेवत गेलो. गोमा भात्यासारखा श्वास घेत होता.

“साफ आहे. पास,” डॉक्टर माझ्यावर खेकसले.

मला वाटलं, गोमा आता हसेल. तो जमिनीवर पडलेल्या धाबळीकडे बघत होता.

“दादा, मागल्या साली माजा भाव हिरू हितंच आल्ता, ह्योच रोग सांगितला. त्याला बी हीच दिल्ती का?”

मी तेव्हा इथे नव्हतो. डॉक्टर हात धुवायला आत निघून गेले. गोमाला उत्तर कळलं.

“घरी येऊन सांगत व्हता, डागतर लय मायेचा. थंडी वाजू नाय म्हनून पांघरून दिलं.”

“आता कुठे आहे तो?”

“रानात खोपीत. एकला. बायको म्हायेरी गेली. आय लांबून भाकर ठेवते.”

“खोकतो का?”

“कदी नाय. आमी म्हनायचो, रोग अजून आत दडून हाये.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी गोमा हिरूला घेऊन आला. पुन्हा मी नळीचं टोक धरलं. त्याचीही छाती साफ निघाली. मी म्हणालो, “साहेब, वस्तीत येऊन त्याच्या आईला एवढं सांगा.” साहेबांना त्या दिवशी वेळ नव्हता. पुढेही कधी झाला नाही.

शेवटी मीच गेलो. हिरूला काही झालेलं नाही, त्याला घरात घ्या, असं म्हातारीला तीन-तीनदा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग डागतर का नाय आला सांगाया?”

मी निघालो तेव्हा हिरू उंबऱ्याबाहेर बसला होता आणि म्हातारी भाकर लांबूनच ठेवत होती.

ती धाबळी मी दवाखान्यात पुन्हा टांगली नाही. डॉक्टरांची सायकल पुसायला तिचं फडकं केलं. लोकरीला विटाळ लागत नाही, म्हणे. नसेल लागत. पण तिच्यामुळे एका धडधाकट माणसाला जन्माचा रोग लागला, आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.