चुकलेली पूर्व

नॉटिंगहॅमला आम्ही नवराबायकोने सुट्टीच्या दिवशी राबून स्वतःचं घर बांधलं. डिसेंबरात उगवत्या सूर्याकडे थापी रोखून हे म्हणाले, "ही पूर्व. ऊन पडेल त्या भिंतीत देव." मी विटा दिल्या, कोनाडा झाला. जूनमध्ये सूर्य पार दुसरीकडून उगवला. देव अंधारात आणि ऊन जिन्यावर.

"अहो, तुमची पूर्व चुकली."

"माझी नाही, इथल्या सूर्याची. पुढच्या उन्हाळ्यात कोनाडा हलवतो."

त्याआधीच हे गेले. मुलगी म्हणते, "आई, देव उचलून जिन्यापाशी ठेव ना." मी ठेवत नाही. भूतबित मी मानत नाही. पण जूनमध्ये सकाळी त्या उन्हाच्या पायरीवर हे बसलेले असतात, कामाचे बूट चढवत. मी कडेने उतरते.