खेमराज मिस्त्रीच्या विमानाचा अर्ज

खेमराज मिस्त्रीला टिकाराम किती ओळखत होता? खरं सांगायचं तर फारच थोडा. त्याच्या आईचं नाव टिकारामला माहीत नव्हतं. आफ्रिकेत त्यानं पंचवीस वर्षं कशी काढली, हे कधी कळलं नाही आणि लग्न का केलं नाही, हे विचारायचा धीर झाला नाही. टिकाराम बालाघाटच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहायचा. मिस्त्रीबद्दल त्याला कळलं ते अर्जापुरतंच. तरी पुढं लोक त्यालाच विचारत. तो सांगायला लागे आणि आपण सांगतो ते खरंच तसं होतं का, या शंकेनं मध्येच गप्प होई.

एवढं मात्र पक्कं, की खेमराज तिरोडीच्या मँगनीज खाणीतल्या मजुराचा मुलगा. खाणीच्या वर्कशॉपात त्याचा हात बसला, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत तो फौजेबरोबर आफ्रिकेत गेला आणि नैरोबीलाच राहिला. तिथं एका मळेवाल्या साहेबाबरोबर त्यानं दोन माणसं बसतील एवढं विमान घरीच बांधलं. लाकडाचा सांगाडा, वर कापड, पुढं एक इंजिन. ते चालवायलाही शिकला. साहेब विलायतेला परतताना विमान याला देऊन गेला. पुढं तिथल्या सरकारनं बाहेरच्या माणसांचे कामधंद्याचे परवाने आवळले, तेव्हा १९६८ साली विमानाचे तुकडे पाच पेट्यांत भरून खेमराज गावी आला. गोंदियाला नॅरोगेजच्या छोट्या लाईनीच्या डब्यात पंखांची पेटी मावेना. ती दोन बैलगाड्या मागंपुढं बांधून बालाघाटला आणली आणि दुलीचंद शेटच्या बंद पडलेल्या धानगिरणीत उतरवली.

पेट्या उघडल्या तेव्हा समुद्राच्या ओलीनं सांधे सुटलेले. उरलेला सरस पहिल्याच महिन्यात गिरणीतल्या उंदरांनी कुरतडला. खेमराजनं पंखांवरचं सगळं कापड उतरवलं, एकेक फासळी नव्यानं चिकटवली. नवं कापड चढवायला त्याची बहीण मैनाबाई येऊन बसे. मेण लावलेल्या दोऱ्यानं ती फासळीला कापड शिवी, ते गोधडीला टाके घालावेत तितक्याच सवयीनं.

दुलीचंद शेट रोज डोकावे. “काय मिस्त्री, तुमचं पाखरू अंडे कवा देऊन राह्यलं?”

“पैले त्याचं नाव तं लागू द्या, शेट. बिननावाचं पाखरू उडालं तं पोलिस मलेच पिंजऱ्यात टाकतीन.”

गोष्ट थट्टेवारी नेली तरी घोर त्याच नावाचा होता. विमानाला देशाचा नंबर नसेल तर ते जमिनीवरून वीतभरही उचलता येत नाही. आणि एक विमान दोन देशांच्या वहीत राहू शकत नाही. आधी नैरोबीनं नाव खोडल्याचा कागद पाठवायचा, मग दिल्लीनं नवं नाव लावायचं. नैरोबीचा कागद यायलाच सात महिने लागले. इकडे खेमराजच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. विमान चालवणाऱ्याला डॉक्टरला डोळे दाखवावे लागतात. ते अजून पास होताहेत तोवर एकदा आपल्या हातानं आपलं विमान आपल्या मुलखावरून न्यायचं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून तो कडुलिंबाखाली बसला तरी एका जागी ठरत नसे. उठे, पोस्टमनच्या वाटेकडे पाही, परत बसे.

दिल्लीचा अर्ज टिकारामनं लिहिला. वीस वर्षांत तो एकच गोष्ट शिकला होता, अर्ज म्हणजे गाऱ्हाणं. पेन्शन असो की बंदुकीचा परवाना, अर्जदार जितका गरीब आणि गांजलेला तितकं साहेबाचं मन लवकर पाघळतं. त्यानं मन लावून इंग्रजीत टाइप केलं की, सदरहू विमान फार जुनं व मोडकळीस आलेलं आहे, अर्जदार उतारवयाचा व दृष्टीनं अधू आहे, तरी दया होऊन नोंदणी मिळावी. खेमराजनं कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि सही केली.

चार महिन्यांनी उत्तर आलं. मोडकळीस आलेल्या विमानाची नोंदणी होत नाही, प्रकरण बंद करण्यात येत आहे.

“काय म्हंते दिल्ली?” खेमराजनं विचारलं.

“आणखी कागद मांगून राह्यले,” टिकाराम म्हणाला आणि त्यानं पत्र खिशात घातलं.

तीन दिवस त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं, गोदाबाईनं, विचारलं, “काहून, वरण खारट झालं का?” तो ताट सरकवून उठला. दोनदा गिरणीच्या दारापर्यंत जाऊन परतला. चौथ्या दिवशी आत शिरला. खेमराज विमानाच्या नाकावरच्या पंख्याचं लाकूड घासत होता.

“मिस्त्री, त्या दिवशी मी खोटं बोललो. दिल्लीनं नाही म्हटलं. आन् ते माह्यामुळं. विमान मोडकं हाये असं म्याच लिवलं होतं.”

खेमराज घासतच राहिला. “मले मालूम हाये, बाबूजी. वाचता येते मले इंग्रजी.”

“मंग सही काहून केली?”

“पंचवीस वर्सांनं देशात आलो. वाटलं, इथं असंच रडा लागत असन. तुमी रोजच लिवता.” मग हात पुसत म्हणाला, “आता कसं लिवाचं?”

“जसं हाये तसं.”

गिरणीतच टाइपरायटर आणला. कोणता सांधा कधी चिकटवला, कोणतं कापड कुठलं, इंजिन किती तास चाललं, खेमराज सांगत गेला. दया हा शब्द नसलेला टिकारामचा तो पहिला अर्ज. पाठवताना त्याला उघड्या अंगानं बाजारात उभं राहिल्यासारखं वाटलं.

बंद झालेली फाइल उघडायला वर्ष गेलं. मग तपासणीस आला. पंखांवर बोटं वाजवून त्यानं कापडाचा ताण पाहिला. चाकांखाली गिरणीचे धान तोलायचे काटे ठेवून विमान तोललं. १९७२च्या सुरुवातीला नंबर आला. शेपटीजवळ नंबराची अक्षरं खेमराजनं स्वतः रंगवली, एक डोळा मिटून. त्याच आठवड्यात नागपूरच्या डॉक्टरनं त्याला विमान चालवायची मनाई केली.

हातचं गेलेलं वर्ष कुणामुळं गेलं, हे खेमराजनं कधी काढलं नाही. टिकाराम मात्र ते रोज काढी, मनातल्या मनात.

नागपूरच्या फ्लाइंग क्लबचा पायलट चालवणार, खेमराज शेजारी बसणार, असं ठरलं. गोंदियाजवळच्या लढाईच्या वेळच्या धावपट्टीवरून ते उडालं आणि नागपूरला उतरलं. खेमराजला क्लबच्या शेडमध्ये काम मिळालं. तो तिकडेच राहिला आणि तीन वर्षांनी तिकडेच वारला. मैनाबाईनं ते कडुलिंबाखाली उभं राहूनच सांगितलं, बसली नाही. वरून बालाघाट त्याला दिसलं का, किती दिसलं, टिकारामला कुणी सांगू शकलं नाही.

खेमराज आणि टिकारामची शेवटची गाठ पडली ती गोंदियाला निघायच्या सकाळी. विमान पुन्हा सुटं करून भरलेल्या पेट्या आदल्या दिवशीच गेल्या होत्या. खेमराज स्टेशनाकडे जाता जाता थांबला.

“बाबूजी, चालता का? पंख जोडाले दोन हात कामी येतीन.”

“आज कचेरीत दोन पेश्या हायेत, मिस्त्री. त्याइचे अर्ज लिवाचे हायेत.”

“बरं, बरं. पेश्या सोडू नोका.”

“डब्बा घेतला का?”

“हौ, मैनानं भाकर देल्ली. चला, गाडीचा टाइम झाला. येतो मी.”

“या.”