डाव्या भुवईवरचा घाव

२९ ऑगस्ट २०२४ रोजी करुणा खवसेच्या पासबुकात सात हजार तीनशे सेहेचाळीस रुपये शिल्लक होते. आईच्या गोळ्यांचा महिन्याचा डबा नागपूरला अकरा हजार दोनशेला मिळायचा, आणि घरातल्या डब्यात चार गोळ्या उरल्या होत्या.

सौंसरच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांत करुणा ब्लाउज शिवते. सव्वीस वर्षे झाली, एकाही बाईचे माप चुकलेले नाही. लग्न केले नाही. वडील पुंडलिकराव २००९ साली गेले, तेव्हापासून आई अनुराधाबाई आणि ती. गेल्या वर्षी आईच्या छातीतली गाठ काढली. ऑपरेशन सरकारी कार्डात बसले, नंतरची गोळी बसली नाही. "रोज एक. खंड पडला तर दुखणं पुन्हा उठेल," डॉक्टरांनी बजावले होते. त्या एका वाक्यापायी करुणाने आधी कानातले विकले, मग पिकोची मशीन.

आता विकण्यासारखे काही राहिले नव्हते. राहिली होती ती वडिलांची पत्र्याची पेटी.

पुंडलिकराव मूळचे पांढुर्ण्याचे, सैन्यात होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर दीड वर्षाने सुटून आले, मोहगावात मामाकडे राहिले आणि तिथेच चौकीदारी करत म्हातारे झाले. पेन्शन नव्हते. डाव्या भुवईपासून केसांत गेलेला बोटभर घाव मात्र होता. दर पंधरा ऑगस्टला गावातले लोक त्यांना खुर्चीवर बसवायचे आणि कुणीतरी माइकवरून सांगायचे, "यांनी देशासाठी कपाळावर घाव झेलला!" टाळ्या पडायच्या. पुंडलिकराव मान खाली घालून बसायचे. लहानपणी करुणाला वाटायचे, आपले बाबा किती साधे.

एका गिऱ्हाइकाचा भाऊ फौजेत होता. त्यानेच तिला सांगितले, लढाईत जखमी होऊन घरी धाडलेला जवान असेल तर विधवेला पेन्शन लागू शकते, आणि पेन्शनबरोबर औषधाचे कार्ड. त्या दिवशी करुणाने हातातले काम बाजूला ठेवून पेटी उघडली. आत त्यांची सैन्यातली नोंदवही होती, सगळी इंग्रजीत, अर्धी अक्षरे तुटक. तिला त्यातले फक्त वडिलांचे नाव वाचता आले. तेवढ्या बळावर तिने प्रतिज्ञापत्र टाईप करून घेतले: कपाळावरचा घाव लढाईतला आहे. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा कोरी ठेवली.

शनिवारी, ३१ तारखेला, ती पहिल्या बसने पांढुर्ण्याला गेली. तिथे श्रीकांतराव राहतात. ते सैन्यात हवालदार क्लार्क होते, आता लोकांचे कागद फुकट वाचून देतात.

"बसा ताई. सैन्यात गोळ्यांपेक्षा कागदच जास्त उडतात," ते हसून म्हणाले आणि चष्मा पुसून वही उघडली.

चौथ्या पानावर त्यांचे हसणे थांबले.

"भरती सतरा जून सहासष्ट. ओळखीची खूण, डाव्या कपाळावर दोन इंच व्रण." त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. "ताई, हा घाव भरतीच्या आधीपासूनच होता."

"मागाहून लिहिलं असंल कोणी."

"तीच शाई, तीच सही, तीच तारीख. अन् हे पुढचं पान बघा. लढाईतली जखम, नाही. हे शेवटचं. स्वतःच्या विनंतीवरून घरी सोडले."

"दादा, आमच्या बाबाचा घाव अख्ख्या मोहगावाला माहीत आहे!"

"मोहगावाला माहीत आहे. वहीला नाही."

करुणा उठून उभी राहिली. "सावरगावात बाबाचे लहानपणचे मैतर आहेत, गुणवंताकाका. त्यांचीच साक्ष घ्यायची होती. चला माझ्यासंग. तेच सांगतील तुम्हाला."

श्रीकांतरावांनी स्कूटर काढली. पोळा दोन दिवसांवर होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या काठाने सरकारी जीप भोंग्यावरून सांगत फिरत होती की गोटे जमा करू नका, आणि जीप पुढे गेली की मागे लोक गोटे जमा करत होते. नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. गोटमारीत मधे पात्रात झेंडा रोवतात, आणि तो मिळवायला दोन्ही गावे काठांवरून एकमेकांना दगड मारतात. करुणा मोहगावात वाढलेली. तिने गोटमार कधी पाहिली नव्हती, बाबांनी पाहू दिली नव्हती.

गुणवंताकाका ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कानाने जड.

"काका, मी पुंडलिकरावांची करुणा. बाबाच्या कपाळावरचा घाव लढाईतलाच होता ना? या दादांना सांगा."

"कोनाच्या? पुंडलिकाच्या?" म्हातारा खदखदून हसला. "अवं, कायची लढाई! तो माह्या हातचा गोटा हाय!"

म्हातारा रंगात आला होता.

"चौसष्टची गोटमार. म्या हिकडून, तो तिकडून. झेंड्यापाशी पोचला होता लेकाचा! बरोब्बर हानला. पडला तं म्याच खाटेवर घालून त्याच्या घरी नेला. तवापासूनच तं दोस्ती आमची."

"मग बाबानं कधी सांगितलं कावून नाही?"

"कोनाले सांगन? मोहगावात मामाकडं उतरला तं लोक बँड घेऊन उभे. तिथं त्याचा आधीचा घाव कोनाले ठाव? कोनीतरी कपाळ पायलं अन् बोंबलला, लढाईतला घाव! यानं तोंड उघडलं, पन बँडात ऐकते कोन? मंग तुह्या मायचं स्थळ आलं, याच घावावर. मंग राहूनच गेलं. मले म्हने, गुणवंता, तू बी बोलू नको. म्या नाही बोललो बापा. तू आज इचारून राहिली म्हून सांगून राहिलो."

करुणाने पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढले. आईला काय झाले आहे, गोळ्या कितीला येतात, सगळे तिने मोठ्या आवाजात सांगितले. म्हाताऱ्याचे हसू विरले.

"आन तो कागद. मारतो सही. गोटा माहा, मी म्हनतो लढाईतला. कोन अडवते मले?"

करुणाने पेन त्याच्या हातात दिला.

"काका, थांबा," श्रीकांतराव म्हणाले. "याच वहीची दुसरी प्रत सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात आहे. ते लोक पहिलं हेच पान उघडतील. पेन्शन तर जाऊ द्या, तुम्ही दोघं खोट्या साक्षीत अडकाल. हिच्या मायला मग पाहील कोण?"

"हे पान मी फाडलं तर?" करुणाने विचारले.

"त्यांच्याकडचं कोण फाडणार, ताई?"

तिने म्हाताऱ्याच्या हातून पेन परत घेतला. मग तिथेच ओट्यावर वही श्रीकांतरावांच्या मांडीवर ठेवली. "दादा, पुन्हा पाहा. एखादी ओळ तरी असंल. मी पाया पडते तुमच्या."

त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा वाचले, एकेका ओळीवर बोट ठेवून. अडुसष्टमध्ये मलेरिया. एक दाढ काढली. चाळीस दिवसांची रजा. लढाईच्या काळात पुरवठ्याच्या गोदामावर, सीमेपासून लांब. शेवटची ओळ त्यांनी जरा थांबून वाचली. "वर्तणूक, अतिशय चांगली."

"त्याचं काही मिळते?"

"नाही."

गरीब सैनिक-विधवांसाठी थोडेसे अनुदान असते, त्याचा अर्ज त्यांनी त्याच दुपारी पांढुर्ण्यात भरून दिला. वर्ष लागेल, दीड लागेल, हेही सांगितले. वहीच्या प्रत्येक पानाच्या प्रती काढाव्या लागल्या. करुणाजवळ परतीच्या बसपुरतेच सुटे होते, झेरॉक्सवाल्याला पैसे श्रीकांतरावांनी दिले.

ती घरी पोचली तेव्हा अनुराधाबाई शिलाई मशीनला टेकून बसल्या होत्या. लेकीचा चेहरा त्यांनी पाहिला नाही, पिशवी पाहिली.

"झालं का वं काम?"

"अर्ज दिला."

"घावाचं लिहिलं ना? ते आधी लिहा लागते. माह्या बापानं तोच पाहून मले देली होती. हुंडा नाही का मान नाही, कपाळ पाहून देली."

करुणाने पाण्याचा पेला आणि त्या दिवसाची गोळी आईच्या हातात ठेवली. डब्यात एकच राहिली.

"लिहिलं," ती म्हणाली.

सोमवारी नागपूरहून पूर्ण डब्याऐवजी दहा गोळ्यांची एक पट्टी आली. करुणाने तेव्हापासून एक दिवसाआड गोळी द्यायला सुरुवात केली आहे. आईला सांगितले आहे की डॉक्टरांनीच कमी केली. अनुराधाबाईंना त्याचा आनंद झाला, बरे वाटत असल्याशिवाय डॉक्टर गोळी कमी करत नाही असे त्या शेजारणीला सांगतात. वही परत पेटीत गेली आहे. कोऱ्या सहीचे प्रतिज्ञापत्र करुणाने चुलीत घातले.

अर्जाचे उत्तर आलेले नाही. श्रीकांतरावांचे झेरॉक्सचे चौऱ्याऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.