घारीचं दुखणं

बांधकामावर सगळे तिला घार म्हणत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये ती दिवसभर एकटी बसायची आणि खालचा माणूस वायरलेसवर सांगेल तिथे लोखंडी गज, स्लॅब, काँक्रीटच्या बादल्या अलगद टेकवायची. स्वभावाने पोटातलं ओठांवर न आणणारी.

दुखणं सुरू झालं ते जेवणानंतर, बेंबीच्या उजवीकडे खाली येणाऱ्या कळांनी. पाठोपाठ जुलाब. केबिनमध्ये संडास कुठला? शिडीने उतरायचं, तोवर खालची सगळी कामं खोळंबणार. म्हणून तिने कामावर जेवणंच सोडलं. कळ आली की पेनकिलर घ्यायची. वजन उतरलं तशी जाऊबाई विचारू लागली, काय करतेस, आम्हालाही सांग. घार हसून वेळ मारून न्यायची.

नवरा शिंपी होता. तिच्या कामाच्या पँटी तोच पुन्हा पुन्हा आत घेत होता. एका संध्याकाळी कंबरेशी टाचणी लावताना त्याच्या बोटांना तिचं हाड लागलं. त्याने टाचणी खाली ठेवली.

"आता आत घ्यायला काही उरलं नाही. उद्या दवाखान्यात जायचं."

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, स्कॅन काढला, दुर्बिणीतून आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवले. क्षयाची शंका फिटल्यावर त्यांनी सांगितलं, की लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आहे आणि आत जखमा आहेत. हा आजार कायमचा जात नाही, पण औषधांनी ताब्यात राहतो. पेनकिलर आधी बंद, त्यांनी जखमा आणखी चिघळतात. सूज उतरवायला स्टेरॉइड, तेही हळूहळू कमी करत थांबवायचं. आणि स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, रक्त तपासत, बरं वाटलं तरी चालू ठेवायचं.

बरं वाटलंच. भूक परतली, चेहरा मात्र टम्म फुगला. स्टेरॉइड संपल्यावर तोही उतरला आणि कळा गेल्या. मग घारीने दुसरं औषधही गुपचूप सोडलं. दुखतच नाही तर कशाला, अशी तिने स्वतःची समजूत घातली. नवऱ्याने विचारलं की "घेतली" म्हणायची.

आत सूज पुन्हा धुमसत होती. आतड्याची भिंत जाड होत चालली होती आणि अन्नाची वाट अरुंद. जेवण जड व्हायचं, पोट गुरगुरायचं. तिने कानाडोळा केला.

एका दुपारी स्लॅब हवेत असताना तिचं पोट दगडासारखं कडक झालं. घामाने हात निसरडे झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली माणसं होती.

वायरलेसवर ती म्हणाली, "सगळ्यांना बाजूला घे. मला एवढं टेकवू दे."

स्लॅब टेकला. मग तिला उलटी झाली आणि क्रेनच्या दांड्यांवरचे हात सुटले. शेवटी स्ट्रेचरला बांधून तिला दोरांनी खाली आणावं लागलं.

हॉस्पिटलात नाकातून नळी घातली, सलाइन लावलं, पण वाट मोकळी होईना. तेव्हा आतड्याचा अरुंद तुकडा कापून टोकं जोडली. शुद्धीवर आल्यावर तिने नवऱ्याला खरं सांगितलं. तो रागावला नाही. त्याने गोळ्यांचं पाकीट आपल्या खिशात ठेवलं.

आता ती जमिनीवरून दुसऱ्या क्रेनवाल्याला इशारे देते. गोळ्या नवऱ्यासमोर घेते. काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण झाली. तिचं वजन भरलं होतं, जुलाब नव्हते. डॉक्टरीणबाई मात्र स्क्रीनकडे बघत राहिल्या. जोडाशीच बारीक नव्या जखमा दिसत होत्या.

"पण मला काहीच दुखत नाही," घार म्हणाली.

"मागच्या वेळी दुखायची वाट पाहिलीत, म्हणून कापावं लागलं."

गोळ्यांऐवजी इंजेक्शन ठरलं. त्यानेही आवरलं नाही तर पुढे काय, हे तिने विचारलं नाही आणि डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नाही.

घरी नवरा ताटं वाढून थांबला होता. या वेळी तिने सगळं सांगून टाकलं. ऐकून झाल्यावर त्याने इंजेक्शनची तारीख विचारून कॅलेंडरवर लिहिली आणि दोघं जेवायला बसले. तिचं पोट अगदी शांत होतं.