हरणांच्या आठवड्याची सुट्टी

नॉर्ब कुबियाकला ऑटर बेंडमध्ये कुणी वाईट म्हणणार नाही. हट्टी म्हणतील, थट्टेखोर म्हणतील, पत्त्यांत लबाडी करतो असंही म्हणतील. भांड्यांच्या कारखान्यात त्याने प्रेसवर तेहतीस वर्षं काढली. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आत सरकवायचा, वरून दणका बसायचा की खाली पातेलं तयार. निम्म्या विस्कॉन्सिनचे बटाटे माझ्या पातेल्यात शिजतात, असं तो सांगत फिरायचा. एवढी वर्षं प्रेसवर काढूनही त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आणि अशा माणसाच्या शब्दाला गावात वजन असतं. म्हणून लागोपाठ पाच करारांची बोलणी करायला युनियनने त्यालाच पाठवलं.

करारात पगार असायचा, औषधपाणी असायचं, पण नॉर्बचा जीव अडकलेला होता हरणांच्या आठवड्यात. नोव्हेंबरात शिकारीचे नऊ दिवस येतात. त्या दिवसांत आमच्या गावात कुणाचा बाप अंथरुणाला खिळलेला असो की कुणाची बायको दिवस भरलेली, बापे जंगलातल्या खोपटांतच सापडतात. कारखाना सुट्टी द्यायचा फक्त सोमवारची. मग मंगळवारी निम्म्या गावाची कंबर धरायची, आणि तीच धरलेली कंबर घेऊन मंडळी दीड मणाचं हरीण ओढत आणायची. नॉर्ब दर करारात अख्खा आठवडा मागायचा आणि कंपनीचे लोक दर वेळी हसायचे.

नव्व्याण्णव साली व्हिटकॉम नावाचा नवा मॅनेजर आला. तो हसला नाही.

"घ्या की," तो म्हणाला. "पगारी घ्या. मला प्रेसच्या हॉलची फरशी नवी करायचीच आहे. तेवढ्यात उरकून टाकतो."

नॉर्बला ते खरंच वाटेना. पण गडी मुरलेला. लगेच दुसरा डाव टाकला. "एक मात्र लिहून हवं. तुमचे सुपरवायझर दर वर्षी फोन करतात. अर्धाच दिवस ये, म्हणतात, आणि आमचे भिडस्त लोक जातात. त्या नऊ दिवसांत युनियनचा एकही माणूस आत बोलवायचा नाही आणि आला तरी आत घ्यायचा नाही."

"तुम्हीच लिहा तुमच्या शब्दांत," व्हिटकॉम म्हणाला आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

नॉर्बने लिहिलं, खाली झोकात सही केली. त्या शुक्रवारी सगळ्या गावाने त्याला ब्रँडी पाजली. भट्टीवरच्या म्हाताऱ्या एल्रॉयने तर त्याच्या टकलाचा मुका घेतला.

घरी डेल्फीन वाट बघत होती. डेल्फीन त्याची बायको. ती त्याच कारखान्यात भांडी खोक्यांत भरायची, सव्वीस वर्षं.

"फरशी? नोव्हेंबरात?" ती म्हणाली. "अरे, अंगणातली बादली गोठते सकाळी. या थंडीत काँक्रीट ओततं का कुणी?"

"शेगड्या लावतात आत. तुला काय कळतंय बांधकामातलं?"

"बांधकामातलं नाही कळत. फुकट देणाऱ्यांतलं कळतं."

"तुला कुणी फुलं दिली तरी तू आधी त्यात मधमाशी शोधशील."

"शोधीन. आणि असली तर तुला नाही चावू देणार," डेल्फीन म्हणाली. नॉर्बने ते ऐकलं आणि बंदुकीला तेल लावायला बसला. शहाण्यासुरत्या माणसाला हरणापुढे काही दिसेनासं होतं, ते हे असं.

सुट्टीतल्या बुधवारी सकाळी नॉर्बने आठ टोकांच्या शिंगांचा नर मारला. मारलेलं जनावर नोंदवून त्याला पत्र्याची पट्टी ठोकून घ्यावी लागते, आणि ती नोंदणी चालते हमरस्त्यावरच्या दारूच्या दुकानात. त्याने तिथे गाडी लावली तेव्हा दोन वाजून गेले होते. शेजारी एक लांबलचक ट्रक उभा होता. वर ताडपत्री बांधलेली, तिचं एक टोक वाऱ्यावर फडफडत होतं.

"काय धूड मारलंय, राव!" ट्रकवाला खाली उतरत म्हणाला. बोलण्यावरून दक्षिणेकडचा वाटत होता. "जरा हात लावता का? ही ताडपत्री मघापासून जीव खातेय."

नॉर्बने टोक धरलं आणि आत बघितलं. हिरव्या रंगाचा जाडजूड लोखंडी पाय होता. पायावर वेल्डिंगचं ओबडधोबड ठिगळ, आणि ठिगळावर वेल्डिंगनेच काढलेले आकडे, ८४. नऊ नंबरच्या प्रेसचा पाय चौऱ्याऐंशी साली तडकला होता तेव्हा ते ठिगळ त्यानेच मारलं होतं. त्याने हातमोजा काढून त्यावर हात ठेवला. लोखंड बर्फासारखं गार होतं.

"फरशी करतायत ना," तो म्हणाला. "म्हणून बाहेर काढली असेल."

"कसली फरशी? मी टेक्ससला चाललोय, लारेडोला. तिथून दुसरे लोक सीमेपलीकडे नेतात. शनिवारपासून ओढतोय आम्ही."

आणि बघा, माणसाचं कसं असतं. त्याच्या हातांनी दोरी घेतली, ताडपत्री ओढून घेतली, गाठ मारली, वर आणखी एक पीळ दिला. रस्त्यात प्रेस सुटली तर कुणाचा तरी जीव जाईल, एवढंच हातांना कळलं. ट्रकवाल्याने आभार मानले आणि तो निघूनही गेला.

मग नॉर्ब धावत दुकानात शिरला. दुकानातून त्याने युनियनच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडून मशीन बोललं, आणि आवाज त्याचाच. "हरणांचा आठवडा आहे, मित्रांनो! सोमवारी भेटू. नेम धरून मारा!" त्याने घरी फोन लावला. "डेल्फीन, प्रेस नेतायत," एवढंच त्याला सांगता आलं.

गाडीत हरीण तसंच टाकून तो कारखान्यावर गेला. फाटकावर नेहमीचा पहारेकरी नव्हता. मिलवॉकीहून आणलेली एक जाडशी बाई होती.

"नाव?"

"कुबियाक. प्रेसवर आहे मी. फाटक उघडा."

"युनियनचे ना?"

"तेहतीस वर्षं!"

"मग नाही सोडता यायचं, बाबा." तिने खिडकीच्या काचेला चिकटवलेला कागद दाखवला. नॉर्बने वाचला. एकही माणूस आत बोलवायचा नाही आणि आला तरी आत घ्यायचा नाही. अक्षर त्याचं, सही त्याची. त्याला इतकी लाज वाटली की बाईकडे मान वर करून बघवेना.

त्याने आपली गाडी फाटकात आडवी लावली. इथून एक ट्रक बाहेर जाऊ देणार नाही, म्हणाला. अठ्ठ्याहत्तर सालच्या संपात याच फाटकात दोनशे माणसं अकरा आठवडे बर्फात उभी होती आणि एक खोकं बाहेर गेलं नव्हतं. आज वीस जण मिळाले असते तरी भागलं असतं. पण विसाच्या वीस जण बिनफोनच्या खोपटांत बसलेले, आणि त्यांना तिथे बसवणारा कोण, तर हाच.

बाईने पोलिसांना फोन केला आणि कपाळावर हात मारला. "माणूस नाही म्हणतात पाठवायला. सगळे शिकारीला गेलेत!"

नॉर्बला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचा हुंदका झाला.

डेल्फीन आली. मी सांगत नव्हते का, असं ती म्हणाली नाही. ती त्याच्या शेजारी गाडीला टेकून उभी राहिली. दीड तास गेला. एक ट्रक आला नाही की गेला नाही. नॉर्बला धीर यायला लागला.

"घाबरले बघ. आतल्या आत दडून बसलेत."

पहारेकरी बाई दोन कप कॉफी घेऊन बाहेर आली. "माझीही नोकरी आहे, म्हणून इतका वेळ बोलले नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही वाट कसली बघताय?"

"ट्रकची."

"एकच्या सुमाराला गेला तो शेवटचा होता हो."

डेल्फीन तारेच्या कुंपणाला धरून रस्त्याकडेच्या लांब भिंतीपर्यंत गेली. तिथे खिडकी कुंपणाला अगदी लागून आहे. तिने तारेतून हात घालून काच पुसली आणि बघत राहिली.

"किती राहिल्यात?" नॉर्बने मागून विचारलं.

ती बाजूला सरकली. नॉर्बने तारेला कपाळ टेकवून आत बघितलं. जुन्या काळ्याकुट्ट फरशीवर चौदा प्रेसच्या जागी चौदा पांढुरके चौकोन होते आणि हॉल झाडून लख्ख केला होता. ज्याने झाडला त्याचा त्याला सगळ्यांत जास्त राग आला.

"चल," डेल्फीन म्हणाली. "लोकांना सांगायला हवं. व्हिटकॉमच्या चिठ्ठीतून कळायला नको."

"मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच तोंडाने. मी येते बरोबर."

एल्रॉयचं खोपटं सगळ्यांत जवळचं. ती दोघं पोचली तेव्हा नुकता अंधार पडला होता. आत चुलीवर सॉसेज चरचरत होते, सहा जण पत्ते कुटत होते. नॉर्बला बघून एकच आरोळी उठली.

"या, या! नऊ दिवसांचे राजे आले!" एल्रॉय ओरडला. "ओता रे त्याला. काय मारलंस, दाखव!"

"एल्रॉय, प्रेस गेल्या," नॉर्ब म्हणाला. "चौदाच्या चौदा. कारखाना मोकळा केला त्यांनी. आपल्याला इकडे पाठवून."

सगळे हसत सुटले. नॉर्बच्या थट्टा सगळ्यांना पाठ होत्या. एल्रॉयने हसून हसून टेबलावर हात आपटला, त्याचे पत्ते उलटे पडले. "अरे, गेल्या वर्षी कारखाना जळाला म्हणून सांगितलंस. या वर्षी चोरीला गेला काय!"

तेवढ्यात डेल्फीन नॉर्बच्या मागून उंबऱ्यात आली. त्या खोपटात एकतीस वर्षांत बाईमाणसाने पाऊल टाकलेलं नव्हतं. एल्रॉयचं तोंड उघडंच राहिलं. टेबलाभोवतीचं हसू एकेकाचं करून विझलं.

"डेल्फीन," एल्रॉय म्हणाला, "तू सांग. हा थट्टा करतोय ना?"

"मी काच पुसून बघितलं, एल्रॉय," ती म्हणाली.